मध्यंतरात उठून गेलेला माणूस

माझा मामा ७३ वर्षांचा आहे. गुडघे कुरकुरतात, कान मात्र अजून शाबूत आहेत. १९७१ मध्ये मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉक संगीताचा जलसा झाला, तेव्हा हा घरी ‘लोहगडला चाललोय’ असं सांगून पुण्याहून रेल्वेने मळवलीला उतरला होता. पाठीवरच्या पिशवीत आजीने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. लोहगड तिथून समोर दिसतोच, त्यामुळे ‘खोटं असं काही बोललो नाही’ हा त्याचा आजही दावा आहे. चटणी एका केसाळ ड्रमरने संपवली, हाही.

एवढं मात्र खरं, की मामा फेकत नाही. १९७२ मध्ये लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोथेकमध्ये चक्क वाजवून गेले. मामाच्या वयाचा मुंबईत भेटणारा प्रत्येक माणूस त्या रात्री तिथे हजर होता. सगळ्यांना आत घ्यायचं तर वानखेडे लागलं असतं. मामा म्हणतो, “मी नव्हतो. त्या दिवशी मी अप्पा बळवंत चौकात ड्रॉइंग बोर्ड विकत घेत होतो.”

पुढे १९७४ ते ७९ तो नोकरीसाठी कोलकात्यात होता. मामी गेल्यापासून ‘एकदा जाऊन यायचंय’ चाललं होतं. मे महिन्यात कोलकात्याला कोण जातं, असं मी म्हणून पाहिलं. पण प्रवासाचा शेवट शिलाँगला २४ मे रोजी व्हायला हवा होता. ती तारीख काही आमच्या हातात नव्हती. का, ते ओघात येईलच.

दिवस पहिला : पार्क स्ट्रीट

आझाद हिंदने गेलो. विमान नको, कारण ‘आम्ही मेलनेच जायचो’. गाडी तीन तास लेट, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

हावड्याला मात्र मामा गडबडला. स्टेशनातून थेट मेट्रोत बसायचं आणि हुगळीच्या खालून पलीकडे निघायचं, हे त्याला पटेना. १९७२ मध्ये इंदिरा गांधींनी मेट्रोची पायाभरणी केली आणि पहिली गाडी धावली १९८४ मध्ये. मधली पाच वर्षं मामा तिथे होता. म्हणजे त्याने मेट्रो पाहिली ती फक्त खड्डा म्हणून. “चौरंगीचा हा एवढा खड्डा! पावसाळ्यात त्यात बेडूक. आमच्यातल्या कितीतरी जणांची खात्री होती, की हे सगळं शेवटी बुजवणार.” नदीखालचं अंतर पाऊण मिनिटात संपलं. मामाने घड्याळ लावलं होतं.

राहण्याची सोय मी ऑनलाइन केली होती. लिफ्ट आहे असं लिहिलं होतं, लिफ्ट होतीही. चालू नव्हती. तिसरा मजला, मामाचे गुडघे. नाव घेत नाही. पण ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर फोन करून ‘लिफ्ट आहे का’ विचारू नका, ‘लिफ्ट चालू आहे का’ असं विचारा.

दुसरी सूचना : मे महिन्यात अकरा ते चार बाहेर पडायचंच नाही. ऊन पुण्यापेक्षा फार कडक असतं असं नाही, पण घाम वाळतच नाही. अंगाला ओला टॉवेल गुंडाळून फिरल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी पार्क स्ट्रीट. पाटीवर आता मदर तेरेसा सरणी असं नाव आहे, तोंडात कुणाच्याच नाही. मामा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, आणि जणू जुन्या रेस्टॉरंटांची शाळेसारखी हजेरी घेत होता. मोकॅम्बो : हजर. १९५६ मध्ये उघडलेलं. तिथे पॅम क्रेन जॅझ गायची. पीटर कॅट : हजर, बाहेर रांग. ब्लू फॉक्स : गैरहजर, तिथे मॅकडोनाल्ड्स. दार्जिलिंगहून आलेले लुई बँक्स ब्लू फॉक्समध्ये पियानो वाजवायचे आणि पुढे आर. डी. बर्मनच्या नजरेत भरून मुंबईला गेले. त्या जागी उभं राहून मामाने आइस्क्रीमचा कोन खाल्ला. चेहऱ्यावर दुःख वगैरे काही दिसलं नाही. “आत जायला पैसे कुठे होते? आम्ही पलीकडच्या फुटपाथवर उभे राहायचो. दार उघडलं की दोन ओळी ऐकू यायच्या. दार बंद, गाणं बंद.”

मग ट्रिंकाज. १९३९ मध्ये एका स्विस जोडप्याने चहा-केकचं दुकान म्हणून काढलेलं, १९५९ नंतर मालक बदलले आणि गाणंबजावणं आलं. भायखळ्यात वाढलेली उषा अय्यर १९६९ मध्ये इथे गायला लागली, कांजीवरम साडी आणि ठसठशीत टिकली लावून. नंतरच्या उषा उथुप त्याच. रॉकचे बँडही इथे वाजवायचे, आणि पगार झाला की महिन्यातून एकदा मामा आणि त्याच्या मेसमधले तिघे, चौघांत दोन कॉफ्या घेऊन, ऐकायला बसायचे. वेटर हाकलायचा नाही, फक्त सारखा येऊन पाण्याचे ग्लास भरायचा. दहाव्या ग्लासाला आपणच लाजायचं.

आजही तिथे रोज संध्याकाळी बँड असतो. टेबल आधी सांगून ठेवा, आणि स्टेजपासून दोन टेबलं मागे बसा, म्हणजे बोलताही येतं. पहिल्या दोन गाण्यांना मामाची बोटं टेबलावर वाजत होती. तिसऱ्याला थांबली. “अगं, फार स्वच्छ वाजवतात गं,” तो म्हणाला. ही तक्रार होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दिवस दुसरा : ट्यूबलाइटखाली तबकडी

सकाळी लालबाजारजवळ रवींद्र सरणी. दुतर्फा वाद्यांची दुकानं, सतारी छताला टांगलेल्या. मामाला एक स्वस्तातली स्थानिक गिटार हातात धरून बघायची होती. त्या काळात परदेशी गिटार म्हणजे जवळजवळ अशक्य. आयातीवर भरमसाट कर. एखाद्याचा नातेवाईक जहाजावर असेल तर ठीक, नाहीतर इथे बनलेल्या गिटारवर भागवायचं. मामाने एक उचलली आणि मानेवरून अंगठा फिरवला. “हे बघ. तार आणि लाकूड यांच्यात केवढी फट! दाबून दाबून बोटं सोलायची. आमच्या मेसमधला एक जण बोटांना फेविकॉल लावायचा. वाळला की गिटार हातात घ्यायचा.” अँप्लिफायर घरच्या घरी, जुन्या रेडिओचे भाग जोडून. म्हणजे आवाज घोगरा यायचा तो कलात्मक निवड म्हणून नाही, तर स्पीकरचा कागद फाटलेला म्हणून. ट्रिंकाजमधली ‘स्वच्छ’ची तक्रार ही होती तर.

आणि लोडशेडिंग! सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातलं कोलकाता म्हटलं की मामा आधी अंधाराबद्दलच बोलतो. कार्यक्रम ऐन रंगात यावा आणि वीज जावी. गिटार गप्प, माइक गप्प. उरतो एकटा ड्रमर. “तो थांबायचा नाही. आम्ही टाळ्यांनी ठेका धरायचो. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. मग एकदम दिवे आले की गिटारवाला जिथे तोडलं होतं तिथूनच उचलायचा.” बँड कोणता, गाणं कोणतं, यातलं त्याला आता काही सांगता येत नाही. ते अंधारातले ड्रम मात्र जिन्यात बसून मांडीवर वाजवून दाखवतो.

दुपारी फ्री स्कूल स्ट्रीटवर (आता मिर्झा गालिब स्ट्रीट) जुन्या रेकॉर्ड्सची दुकानं. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच. मालक चाचा स्टुलावर, मागे छतापर्यंत तबकड्या. मामाने एक एलपी काढली, कडेला तळवे टेकवून धरली, ट्यूबलाइटखाली तिरकी केली आणि डोळा बारीक करून गोल फिरवली. पन्नास वर्षांत हा हात ही हालचाल विसरला नव्हता. चाचांनी ते पाहिलं आणि खालच्या फळीवरचा वेगळा गठ्ठा बाहेर काढला.

सिमला बीट आहे का, असं मामाने विचारलं. चाचा नुसते हसले. ‘सिमला’ नावाच्या सिगारेटची जाहिरात म्हणून एक कंपनी देशभरातल्या बँडची स्पर्धा भरवायची, आणि १९७० आणि ७१ या दोन वर्षी स्पर्धेतल्या बँडची एकेक एलपी निघाली. तेव्हाच्या इंग्रजीत गाणाऱ्या पोरांचा जो काही आवाज आज शिल्लक आहे, त्यातला मोठा हिस्सा त्या दोन तबकड्यांत आहे, म्हणजे सिगारेटच्या कृपेने. डमडमला ग्रामोफोन कंपनीचा केवढा कारखाना होता, पण तिथे छापली जायची ती मुख्यतः खपणारी गाणी : सिनेमाची, रवींद्रसंगीताची. पार्क स्ट्रीटवर रात्रभर वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला एखादी छोटी तबकडी आली. बाकीचं हवेत गेलं. सिमला बीटच्या आता परदेशात नव्या आवृत्त्या निघतात. मूळ तबकडी मिळालीच तर किंमत ऐकून खाली बसायला होतं.

मामाने शेवटी रेकॉर्ड नाही, ‘ज्युनियर स्टेट्समन’चा एक जुना अंक घेतला. जेएस म्हणायचे त्याला. १९६७ ते ७७ कोलकात्याहून निघायचं हे तरुणांचं साप्ताहिक, पुण्यालाही यायचं. बँडच्या बातम्या, केस कसे वाढवावेत, बेलबॉटमची रुंदी. पान उलटताना कोपरा हातात तुटून आला. चाचांनी चिकटपट्टी देऊ केली, पैसे कमी केले नाहीत.

बाहेर आलो आणि आकाश अचानक जांभळं झालं. कालबैशाखी! दहा मिनिटांत धूळ, मग वारा, मग असा पाऊस की समोरची टॅक्सी दिसेना. आम्ही एका रोलवाल्याच्या ताडपत्रीखाली. तिथे दोन एग रोल खाल्ले, तिसरा अर्धा-अर्धा. तवा, ओला रस्ता, कापलेला कांदा आणि लिंबू यांचा एकत्र वास. तासाभरात पारा उतरला आणि शहर एकदम राहण्यासारखं झालं. मे महिन्यात जाण्याचं काही बक्षीस असेल तर हे वादळ. आणि हिमसागर आंबा. हापूसशी तुलना मी करणार नाही, मला पुण्यात राहायचंय.

दिवस तिसरा : महीनचे घोडे

सकाळी मामाने हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासाला बाहेरून नमस्कार केला. नवा आला तेव्हा पहिल्या गणपतीला वरणभात इथेच मिळाला होता. पुढचा मुक्काम भवानीपूरच्या मेसमध्ये, सहा जण, एक न्हाणीघर. ती इमारत सापडली नाही. गल्ली सापडली, कोपऱ्यावरचं मिठाईचं दुकान सापडलं, पण मेसच्या जागी पार्किंग. मामा म्हणाला, “बरं झालं, न्हाणीघर फार घाण होतं.”

तिथून रासबिहारी अॅव्हेन्यू, देशप्रिय पार्क. १९५४ च्या ऑक्टोबरात कवी जीवनानंद दास यांना इथे ट्रामची धडक बसली आणि आठवड्याभराने ते गेले. रॉकच्या प्रवासात हे कशाला? तर त्यांच्या एका कवितेत महीन नावाच्या कुणाचे तरी घोडे कार्तिकातल्या चांदण्यात गवत खात उभे असतात. १९७५ च्या सुमारास कोलकात्यातल्या काही तरुणांनी बँड काढला आणि नाव ठेवलं ‘मोहीनेर घोडागुली’, महीनचे घोडे. म्होरक्या गौतम चट्टोपाध्याय. तोवर रॉक म्हणजे इंग्रजी, म्हणजे पार्क स्ट्रीट. हे लोक बंगालीत गायले : बाऊल लोकगाणी, जॅझ, रॉक, शहर, एकटेपणा, सगळं एकत्र. १९७७, ७८ आणि ७९ मध्ये तीन छोट्या रेकॉर्ड्स निघाल्या. फारसं कुणी विचारलं नाही. १९८१ मध्ये बँड बंद.

मग १९९५ मध्ये गौतम चट्टोपाध्यायांनी जुनी-नवी गाणी गोळा करून पुस्तक मेळ्यात एक कॅसेट काढली, नव्या पोरांकडून गाऊन घेतलेली. नाव पुन्हा जीवनानंदांच्याच ओळीतलं : ‘आबार बछर कुडि परे’, पुन्हा वीस वर्षांनी. आणि तोवर कॉलेजात आलेल्या पिढीने ती डोक्यावर घेतली. चार वर्षांनी गौतम चट्टोपाध्याय गेले. आपल्याकडच्यांना ओळख पटवायची तर २००६ च्या ‘गँगस्टर’मधलं ‘भीगी भीगी’ आठवा. ती चाल मूळची त्यांची.

हे सगळं मी निघण्याआधी वाचून ठेवलं होतं. मामाला त्याबद्दल विचारलं की तो विषय बदलायचा. का, ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

रवींद्र सदन हे सभागृह आणि नंदन हे सिनेमागृह यांच्या आवारात संध्याकाळी पोरापोरींचे घोळके बसतात. चहा, सिगारेट, वाद, आणि कुठे ना कुठे गिटार. आम्ही कट्ट्यावर टेकलो. शेजारच्या घोळक्यात एक चष्मेवाला पोरगा गात होता आणि बाकीचे पाच-सहा जण सगळे शब्द पाठ असल्यासारखे साथ देत होते. मामा मोडक्या बंगालीत म्हणाला, “हे मोहीनेर घोडागुलीचं ना?” पोरगा थांबला. आजोबांना माहीत आहे! कुठले, कधी होता इथे? ७४ ते ७९? म्हणजे तुम्ही त्यांना प्रत्यक्ष ऐकलं असेल?

मामाने समोरच्या सभागृहाकडे बोट दाखवलं. “इथेच. १९७९. मेसमधला दोस्त ओढून घेऊन आला होता.”

पोरगा अक्षरशः उठून उभा राहिला. कसं होतं? काय गायले?

“मध्यंतरात उठून गेलो.”

भीमसेनांच्या मैफलीतून शेवटची बस चुकेल म्हणून उठलेल्या माणसाकडे बघावं, तसे ते सगळे मामाकडे बघायला लागले. मामाने मग माझ्याकडे वळून मराठीत सगळं सांगितलं, पोरं न कळता ऐकत राहिली. “अगं, मला वाटलं, हे बंगालीत काय गातायत? रॉक असं असतं का? आम्ही डीप पर्पलची हुबेहूब नक्कल करणाऱ्यांना मानायचो. जितकी हुबेहूब, तितका मोठा बँड. यांची नक्कल कुणाची तेच कळेना. दोस्त थांबला. मी बाहेर येऊन रोल खाल्ला आणि घरी गेलो.”

चष्मेवाल्याला मी हिंदीत थोडक्यात सांगितलं. तो हसला आणि पुन्हा गिटार मांडीवर घेतली. मामा पुढची दोन गाणी पूर्ण ऐकून उठला. जाताना पोराची गिटार मागून घेतली आणि मानेवरून अंगठा फिरवला. “फट कमी आहे,” एवढंच म्हणाला.

दिवस चौथा आणि पाचवा : वर, ढगांत

हावड्याहून सराईघाट एक्स्प्रेस, रात्रभर, सकाळी गुवाहाटी. तिथून शिलाँग साधारण १०० किलोमीटर. स्टेशनबाहेर शेअर सुमो मिळतात. मधल्या रांगेचा आग्रह धरा, मागे गुडघे हनुवटीला लागतात. मेघालयात जायला इनर लाइन परमिट लागत नाही. वाटेत उमियम तलाव लागला की गरम कपडे बाहेर काढा. कोलकात्याच्या घामातून आलेले आम्ही तिथे कुडकुडत चहा प्यायलो.

शिलाँगमध्ये बाईमाणसाला आदराने ‘काँग’ म्हणतात, पुरुषाला ‘बाह’. आभाराला ‘खुब्लेई’. हे तीन शब्द आले की निम्मं काम होतं. पोलीस बाजारजवळच्या एका छोट्या खानावळीत काँगने समोर जादोह ठेवला, मांसाच्या रसात शिजवलेला पिवळसर भात, आणि बाजूला काळ्या तिळातलं डुकराचं मटण, दोहनेइयोंग. तिळाचा तो काळा रस्सा आपल्या कारळ्याच्या चटणीच्या नात्यातला वाटला. मामाने शाकाहार भवानीपूरच्या मेसमध्येच सोडला होता, त्यामुळे घरची लाज वगैरे प्रश्न नव्हता. जेवणानंतर काँगने क्वाय दिला : ओली सुपारी, पान, चुना. पुण्याच्या मसाला पानाच्या आठवणीने मामाने तो बिनधास्त तोंडात टाकला. अर्ध्या मिनिटात कान लाल, कपाळावर घाम, धडधड. काँग पोट धरून हसली आणि पाणी आणून दिलं. ओली सुपारी अशीच चढते. आधी छोटा तुकडा घ्या.

इथे टॅक्सीवालाही गाडीत गिटारचं काहीतरी लावतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी फिरायचं ठरवू नका. चर्च भरलेली असतात आणि दुकानं बंद. आम्हाला हे माहीत नव्हतं, दिवस वॉर्ड्स लेकभोवती चालण्यात गेला. एका चर्चमधून चार आवाजांत गाणं ऐकू येत होतं, तिथे बाहेर बाकावर बसून राहिलो.

२४ मे अजून आठवडाभर लांब होती. मधल्या दिवसांत सोहरा (म्हणजे चेरापुंजी), मावफ्लांग वगैरे केलं. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय.

शेवटचा दिवस : २४ मे

तर ही तारीख. लू माजाव हा शिलाँगचा गायक. सुरुवातीला काही काळ त्यानेही कोलकात्यात वाजवलं. १९७२ पासून दर वर्षी २४ मे रोजी तो बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करतो, डिलनची गाणी गाऊन. डिलन तिथे आलेला नाही. यांचं अडलेलंही नाही. मामाने हे कोलकात्यात असताना मेसमधल्या एका खासी मुलाकडून ऐकलं होतं आणि ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हटलं होतं. ते ‘पुढचं वर्ष’ आता उजाडलं.

पाऊस संध्याकाळपासूनच. आत शाळकरी मुलं, त्यांचे आईबाप, आमच्यासारखे बाहेरचे, आणि मामाच्या वयाचे चार-पाच जण. आधी तरुण बँड गायले. मग लू माजाव आला : पंच्याहत्तरी उलटलेली, लांब पांढरे केस, आखूड चड्डी, काटक पाय. मामा आपल्या गुडघ्यांकडे आणि त्याच्या पायांकडे आळीपाळीने बघत होता. आवाज खरखरीत. एक-दोनदा सूर हलला, त्याने पर्वा केली नाही. “हं,” मामा म्हणाला, “हे स्वच्छ नाही.” बोटं खुर्चीच्या दांड्यावर चालू.

आता व्यवहाराची गोष्ट. शिलाँगमध्ये रात्री लवकर सामसूम होते आणि नंतर टॅक्सी मिळणं कठीण. परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा, आणि वेळ सांगताना तासभर पुढची सांगा. आम्ही साडेआठ सांगितली होती. साडेआठला टॅक्सीवाल्या बाहचा फोन. पावणेनऊला दुसरा : दुसरं भाडं आहे, निघतोय. लू माजाव ऐन गाण्यात, बाहेर धो धो पाऊस, आमची खोली चार किलोमीटर चढावर, मामाचे गुडघे.

उठलो. रांगेतल्या सगळ्यांच्या पायांवरून माफी मागत बाहेर आलो. छत्री उघडेपर्यंत मामा काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर बाहने काच वर केली, तर मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बाह, काच खाली कर. आणि हळू चालव, पहिल्या वळणापर्यंत तरी.”

पाऊस आत येत होता. मी म्हटलं, “मामा, भिजशील.”

“आत्ता बडबड करू नको गं,” तो म्हणाला, “दार उघडंय अजून.”